सुएडाचं पृथक्करण : लिग्निन इतकं कसं, बेरीज शंभरावर का?

रणकाठ
कच्छच्या रणाकाठची सुएडा (खाऱ्या जमिनीत वाढणारं रसाळ झुडूप), पानं आणि कोवळ्या फांद्या, १०५ अंशांवर वाळवून दळली. राख ३४%. पाण्यात उकळून अर्क वेगळा काढला. न धुतलेल्या भुकटीवर ७२% सल्फ्युरिक आम्लाची पद्धत लावली, तर अविद्राव्य भाग २४%. हा भाग म्हणजे लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा पदार्थ) धरतात. इतक्या रसाळ झुडपात एवढं लिग्निन? शिवाय सगळ्याची बेरीज १०० च्या पार जाते.

आम्लपित्त
बेरीज फुगते कारण मीठ दोनदा मोजलं जातंय, एकदा राखेत आणि एकदा अर्कात. अर्काचा ठरावीक भाग आटवून जाळा आणि त्याची राख अर्कातून वजा करा.

लिग्निनसाठी १०५ अंशांवर वाळवलेला नमुना नकोच. प्रथिनं आणि शर्करा एकमेकांत गुंतून लिग्निनसारखा अविद्राव्य गाळ होतो. ४५ अंशांवर वाळवा, आधी पाण्याने, मग इथेनॉलने अर्क काढा आणि उरलेल्या भुकटीवरच आम्ल वापरा. गाळ ५७५ अंशांवर जाळून राख वजा करा. (पानांवर बसलेली रणाची धूळही त्यातच निघते.) गाळातला नायट्रोजन गुणिले ६.२५ म्हणजे प्रथिन, तेही वजा. मात्र अख्ख्या झुडपाचं प्रथिन याच गुणकाने काढू नका. ग्लायसिन बीटेन आणि नायट्रेट यांत नायट्रोजन असतो पण ती प्रथिनं नाहीत, त्यामुळे आकडा खोटाच चढतो.

भट्टीवाला
सेल्युलोज राखविरहित वजनावरही द्या. १५% असेल तर १५ ÷ ०.६६ (३४% राख सोडून उरलेला भाग), म्हणजे जवळपास २३%. नाहीतर उसाच्या चिपाडाशी केलेली तुलना फसवी.

बॉयलरसाठी न धुता वापरायचा विचारही करू नका. क्लोराइडं वाफ होऊन सुपरहीटरच्या (वाफ आणखी तापवणाऱ्या) नळ्यांवर बसतात आणि त्या थराखाली लोखंड खातात. क्लोराइड मोर (Mohr) पद्धतीने, म्हणजे सिल्व्हर नायट्रेटच्या अनुमापनाने मोजा, पण राखेचं द्रावण अल्कधर्मी असतं, ते आधी नायट्रिक आम्लाने उदासीन करा. क्लोराइड गुणिले १.६४८ म्हणजे मीठ.

रणकाठ
न धुता बायोगॅसला चालेल?

आम्लपित्त
एकट्याने नाही. राखेत बहुतेक मीठच धरलं तर सोडियम १२% च्या आसपास. ५% घन पदार्थाच्या रबडीत लिटरला ६ ग्रॅम. साडेतीन ग्रॅमपासूनच मिथेन करणारे सूक्ष्मजीव अडखळू लागतात. शेणात थोडी थोडी मिसळा.

भट्टीवाला
धुण्याचं पाणी आटवून खायचं मीठ करायचा मोह होईल. भावनगरच्या मीठ संशोधन संस्थेने वनस्पतिजन्य मिठाची पद्धत बसवली आहे खरी, पण ती मुख्यतः सॅलिकॉर्निया या दुसऱ्या खाऱ्या जमिनीतल्या झुडपासाठी. सुएडात ऑक्झलेट (जास्त झाल्यास मूत्रपिंडाला अपाय करणारा पदार्थ) असतं, ते मोजल्याशिवाय ताटात नको.