मदत हवी आहे: डुबिया झुरळं पटापट मरायलीत (शॅमेलिऑनचं खाद्य)

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. लोक झुरळं मारायचे उपाय विचारतात, मला ती जगवायची आहेत. हसून झालं की पुढे वाचा.

माझ्याकडे व्हेल्ड शॅमेलिऑन (रंग बदलणारा परदेशी सरडा) आहे, दीड वर्षाचा नर. जात मूळची येमेन-सौदीकडची. आपल्या रानातला सरडगुहिरा नाही, तो पाळणं गुन्हा आहे हे ठाऊक आहे. याची परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंद आहे, मावसभावाकडून माझ्याकडे आला तेव्हा तेही कळवलंय. त्याच्यासाठी दिवाळीपासून डुबियाची कॉलनी सांभाळायलोय. 30 माद्या आणि 10 नरांवर सुरुवात केली होती.

50 लिटरचा प्लास्टिकचा टब, झाकण कापून जाळी लावलेली, आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे. खायला गव्हाचा कोंडा, गाजर, लाल भोपळ्याच्या साली. पाणी वेगळं ठेवत नाही, भाजीतून मिळतं तेवढंच. आईची एकच अट होती, टब खाली आणायचा नाही. म्हणून तो वरच्या पत्र्याच्या खोलीत आहे. मार्चपर्यंत सगळं उत्तम, ट्रे उचलला की तांदूळ सांडावेत तशी पिल्लं गळायची.

गेल्या बारा दिवसांपासून रोज दहा-पंधरा मरायलीत. आधी पिल्लं, आता मोठीही. परभणीत सध्या पारा 43 वर आहे. काल दुपारी टबात थर्मामीटर ठेवला तर 40 दाखवत होता. म्हणून झाकणावर ओलं पोतं टाकायलोय. त्याने वास सुटलाय, ट्रेवर पांढरे बारीक किडे दिसतात. मुंग्याही लागल्या होत्या, पण त्यांचा बंदोबस्त करून झालाय. शॅमेलिऑन परवापासून कमी खायलाय. काय करू?

भुईनळा:
जगात जर्मनी, भारतात परभणी. झुरळं मरतात म्हणून रडणारा माणूस दुसरीकडे कुठे सापडणार! आमच्याकडची घेऊन जा हो, फुकट.

रात्रपाळी:
चेष्टा बाजूला ठेवू. डुबियाला 30 ते 32 अंश मानवतात, 35 पर्यंत चालून जातं. 40 म्हणजे भट्टी झाली. पत्र्याच्या खोलीतून टब आजच्या आज हलवा. खालच्या मजल्यावर, फरशीवर, पलंगाखाली. कूलरच्या झोतात मात्र नको.

आणि ते पोतं काढा आधी. पांढरे किडे म्हणजे माइट्स, ओल आणि सडका कोंडा मिळाला की होतातच. कोंडा कोरडा ठेवा, भाजी संध्याकाळी घालून सकाळी उचलायची. माझी पहिली कॉलनी मी थंडीत घालवली, दोन महिने एकही पिल्लू नाही. पुढच्या डिसेंबरात तुम्हालाही टबाखाली हीट मॅट लागेल, थर्मोस्टॅटसकट.

किडामुंगी:
उष्णता आणि ओल दोन्ही खरं, पण मला पटत नाही. मार्चअखेरीलाही पत्र्याखाली गार नव्हतं. दोन प्रश्न.

1. मरताना झुरळं कशी दिसतात? निपचित पडलेली, की उताणी होऊन पाय झाडणारी?
2. मुंग्यांचा बंदोबस्त म्हणजे नेमकं काय केलंत?

गोदाकाठ:
उताणी. पाय थरथरत राहतात, कधी कधी दिवसभर. सरळ केलं तरी पुन्हा उलटतात.

मुंग्यांसाठी टबाभोवती फरशीवर खडूची रेघ मारली. दुकानात मिळतो तो साधा खडू. टबाच्या आत काही टाकलं नाही.

किडामुंगी:
दादा, त्या पुडक्यावर कशाचं चित्र आहे ते बघा. झुरळाचंच असेल.

तो साधा खडू नाही. त्यात पायरेथ्रॉइड गटाचं कीटकनाशक असतं, सायपरमेथ्रिन नाहीतर डेल्टामेथ्रिन. किड्याच्या नसा सतत पेटत्या राहतात, म्हणून ते उताणं पडून पाय झाडत मरतं. तुम्ही रेघ मारली, त्याच हातांनी ट्रे उचलले. शिवाय भुकटी पायाला लागते, पंख्याने उडते, टब सरकवला की बुडाला चिकटते. पिल्लं आधी गेली ती अंगाने लहान म्हणून.

आता महत्त्वाचं. या टबातलं एकही झुरळ शॅमेलिऑनला देऊ नका, धडधाकट दिसणारंही नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांनाही हे विष बाधतं. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, उद्याच नेऊन दाखवा आणि जाताना खडूचं पुडकं सोबत न्या.

ट्रे आणि कोंडा फेकून द्या. टब आणि फरशी साबणाने दोन-तीनदा धुवा. जगलेल्या माद्या नव्या टबात महिनाभर वेगळ्या ठेवा. त्यांची पुढची पिल्लं नीट वाढली तरच ती खाद्यात धरा. मुंग्यांसाठी परातीत पाणी घालून त्यात टब विटांवर ठेवायचा, लाडवाचा डबा ठेवतो तसा. टबाची कड परातीच्या काठाला टेकली तर मुंग्यांना पूल मिळतो, तेवढं बघा.

गोदाकाठ:
हात धुऊन लिहितोय. खरंच झुरळाचं चित्र आहे. मुंग्यांच्या नादात तिकडे बघितलंच नाही. झुरळ पाळणाऱ्या माणसाने झुरळ मारायचा खडू दहा रुपये देऊन आणला, हे घरात कुणाला सांगणार नाही.

पण महिनाभर याला काय घालू? शेतातले नाकतोडे चालतील का?

तुतीवाला:
नाकतोडे अजिबात नकोत. एका विषातून काढून दुसऱ्यात घालाल. कुठल्या बांधावर काय फवारलंय ते शेतकऱ्यालाही आठवत नाही.

जवळपास कुणी रेशीम शेती करतं का बघा, त्यांच्याकडच्या रेशमाच्या अळ्या घाला. आपल्या भागात आता पुष्कळ आहेत, जालन्याला तर कोषांची बाजारपेठ आहे. माझी दीड एकर तुती आहे. शेजारच्या कापसावर फवारलं आणि वारा इकडे आला तरी आमच्या अळ्या माना टाकतात, त्यामुळे त्या पाल्याला आम्ही औषधाचा वास लागू देत नाही. बांधावरून भांडणं त्यावरूनच होतात. अळी मऊ असते, अंगात पाणी भरपूर, उन्हाळ्यात तुमच्या सरड्याला बरीच. तिसऱ्या-चौथ्या अवस्थेतली मागा, पाचवीतली फार मोठी होते. फक्त पिवळी पडलेली, सुस्त अळी उचलू नका, ती रोगट असते.

रात्रपाळी:
आणि कॅल्शियमची भुकटी लावूनच द्या. अळीची रुंदी त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून जास्त नको.

गोदाकाठ:
नऊ दिवसांनी लिहितोय. कॉलेजात दाखवला. फांदीवरची पकड घट्ट आहे, थरथर नाही. पाण्याचा फवारा दिवसातून तीनदा मारायला सांगितलाय. पहिल्या दिवशी रेशमाच्या अळीकडे नुसता एक डोळा फिरवून बघत बसला, दुसऱ्या दिवशी चार खाल्ल्या. अळ्या पूर्णेजवळच्या एका शेतकऱ्याकडून आणल्या. पैसे घेतले नाहीत, सरडा बघायला येतो म्हणाले.

40 पैकी 11 माद्या आणि 2 नर उरलेत. चार दिवसांत एकही मेलं नाही. टब खाली आलाय, माझ्या पलंगाखाली. आई दोन दिवस बोलली नाही. काल बोलली, परात कुठंय म्हणून.

@किडामुंगी, परातीऐवजी दुसरं काही चालेल का? ती तिच्या लग्नातली आहे.