दारामागच्या आठ इंचात चपला-बूट कसे बसवावेत?

प्रश्न (परभणी): भिंत तीन फूट रुंद, दार उघडल्यावर मागं आठ इंच उरतात. माणसं पाच, त्यात रानातले चिखलाचे बूट. कसलं कपाट करावं?

– साधं बसणार नाही दादा, बूटच जवळपास फूटभर लांब. बूट उभे राहतात असं तिरपं उघडणारं, सात इंच खोलीचं घ्या. वरून भिंतीला स्क्रूनं आवळा; सगळे कप्पे एकदम उघडले की पुढं कलंडतं.

– पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, तेवढं नको. ओल्यानं फुगतं, मग बिजागरीचे स्क्रू धरत नाहीत. प्लायच घ्या, बाजूच्या फळीला भोकं पाडा, नाहीतर पावसाळ्यात बुरशी ठरलेली.

– रानातले बूट आत कशाला? ओट्यावर लोखंडी जाळीचा रॅक ठेवा. काळी माती ओली असताना खरवडू नका, नुसती पसरते. वाळली की काडीनं ढेकूळच निघतं.