शनिवारचं गच्चीवरचं जेवण: पॅड थाई, पण दाण्यांशिवाय

बी-३०२: शनिवारी मुलांसाठी पॅड थाई, म्हणजे थायलंडच्या परतलेल्या राइस नूडल्स, मी करतेय. त्यात भाजलेले दाणे जाडसर कुटून घालतात, पण सी-४०१ च्या छोटूला दाणे चालत नाहीत ना? वेगळ्या वाटीत ठेवले तर?

सी-४०१: ताई, आठवणीने विचारलंत, खूप बरं वाटलं. वाटीसुद्धा नको प्लीज. मुलांचे चमचे इकडचे तिकडे होतात. कणभर पोटात गेलं तरी त्याच्या अंगावर गांध्या उठतात, ओठ सुजतात.

ए-१०४ काका: मग दाणे घालूच नका. प्रश्न मिटला.

सी-४०१: काका, मला तेलाची जास्त भीती वाटते. घाण्याच्या शेंगदाणा तेलात दाण्यातली प्रथिनं उतरतात. त्याच घाण्यावर काढलेलं करडईचं तेलही नको. रिफाइंड सूर्यफूल तेलाची नवी पिशवी फोडा. आणि कुटाचं मिक्सरचं भांडं वापरू नका, पात्याखाली कूट अडकून बसतं.

बी-३०२: आमच्याकडे रोजचं तेल घाण्याचंच! नवी पिशवी आणते. सॉसची तयार बाटली चालेल?

डी-२०१: आम्ही बँकॉकला होतो तेव्हापासून घरीच करते. बाटली नकोच, काहींत दाणे असतात. चार मुलांना २०० ग्रॅम सुक्या राइस नूडल्स पुरतात. चिंचेचा दाट कोळ ४ चमचे, गूळ ३, फिश सॉस २. चमचा पोह्यांचा नाही, मोठा. तिकडे ताडामाडाच्या रसाची साखर घालतात, त्यामुळे गोव्याचा माडाचा गूळ मिळाला तर चव त्याच्या जवळ जाते.

ए-१०४ काका: पण दाण्यांशिवाय त्याला पॅड थाई म्हणायचं का?

डी-२०१: हो तर! तिकडे दाणे शेवटी वरून घालतात, हवे तर घ्या नाहीतर राहू द्या. खरी चव चिंच, गूळ आणि फिश सॉसची. कुरकुरीतपणासाठी भोपळ्याच्या बिया कोरड्या भाजून बत्त्याने ठेचा. छोटूला चालतात का?

सी-४०१: चालतात, रोज खातो. काजू मात्र नको. सोया, अंडं चालतं.

डी-२०१: मग टोफू (सोयाचं पनीर) आणि अंडं दोन्ही घाला, पोटभरीचं होतं. नूडल्स उकळू नका, लगदा होतो. साध्या पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजवा. वाकल्या पाहिजेत पण दाताखाली कडक लागल्या पाहिजेत, उरलेलं शिजणं कढईत सॉसमध्ये होतं. एका वेळी दोघांपुरतंच परता, कढई भरली की नूडल्स परतल्या जाण्याऐवजी वाफवल्या जातात. मूग आपलेच, फक्त मोड लांब हवेत, म्हणून अंधारात चार-पाच दिवस वाढवायचे. नूडल्सइतकेच मोड घाला, गाजर आणि कांद्याची पातही. मुलांसाठी मोड कच्चे ठेवू नका, नीट परता. लिंबू आणि तिखट ताटात वेगळं.

ई-१०३: आमच्याकडे मासे नाहीत. फिश सॉसचं काय?

डी-२०१: तुमच्यापुरतं आधी वेगळं परतून काढू, त्यात सोया सॉस आणि किंचित मीठ. अंडंही नको ना?

ई-१०३: नको. लेबलं मी बघून घेते. पाकिटावर ॲलर्जीची सूचना बारीक अक्षरात असते, ‘शेंगदाण्याचा अंश असू शकतो’ असं असलं तरी परत ठेवायचं ना?

सी-४०१: हो, तेही नको. मनापासून आभार सगळ्यांचे. शाळेतल्या कार्यक्रमांना तो घरचा डबा घेऊन जातो. शनिवारी सगळ्यांसोबत एकाच पंगतीत बसेल.

ए-१०४ काका: मी चिक्की आणणार होतो. रद्द! पपई आणि अननस आणतो, अख्खे. सुरी-पाट सी-४०१ कडचेच वापरू.