मदत हवी आहे: प्रकाशाच्या तरंगात विद्युत आणि चुंबकीय अशी दोन्ही क्षेत्रं एकदम शून्य झाली, तर ऊर्जा जाते कुठे?

नमस्कार मंडळी. सोलापूरहून विचारतोय. भाची बारावी सायन्सला आहे, तिच्या एका प्रश्नावर अडलोय.

सूर्यप्रकाश पोकळीतून ८ मिनिटं २० सेकंदांत येतो, वातावरणाच्या वर दर चौरस मीटरला साधारण १३६१ वॅट देतो, इथपर्यंत ठीक. (त्यातले निम्मे वॅट आमच्याच गच्चीवर पडत असावेत, असं मे महिन्यात वाटतं.) पॉइंटिंग या भौतिकशास्त्रज्ञाचं १८८४ चं सूत्रही तिला येतं: ऊर्जेचा प्रवाह विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांच्या गुणाकारावर ठरतो, दिशा दोघांनाही काटकोनात. त्यावरून आम्ही आकडेही काढले. १३६१ वॅटसाठी विद्युत क्षेत्राचं शिखर मीटरला हजारेक व्होल्ट येतं, चुंबकीय क्षेत्राचं जेमतेम ३.४ मायक्रोटेस्ला. तरी दोघांतली ऊर्जा सारखीच!

खरी अडचण पुढे आहे. पुस्तकातल्या आकृतीत दोन्ही क्षेत्रं एकदम शिखरावर जातात आणि एकदम शून्य होतात. लोलकात गतिज ऊर्जा कमी झाली की स्थितिज वाढते, बेरीज कायम. इथे तर दोन्ही एकदमच गायब. मग त्या बिंदूपाशी ऊर्जा अक्षय्यतेचं काय?

मला वाटतं, ऊर्जा तिथून पुढे सरकलेली असते, जागच्या जागी रूप बदलत नाही. पण हे गणितानं कसं दाखवायचं? बारावीच्या कॅल्क्युलसमध्ये बसेल असं कुणी मांडून दाखवाल का? आणि दोन आरशांमधल्या स्थिर तरंगात (म्हणजे पुढे न सरकता जागच्या जागी हलणाऱ्या तरंगात) चित्र वेगळं असतं, ते का, हेही सांगा. "सूत्र पाठ कर" हे उत्तर तिला क्लासमध्ये मिळून झालंय.