मदत हवी आहे : ४जी राउटर स्लॅबवर ठेवावा की फक्त अँटेना वर न्यावा?

मंडळी, गाव दारव्हा तालुक्यातलं, फायबर अजून आलं नाही. केबलवाल्यानं काम बंद केल्यापासून आयपीएल जिओहॉटस्टारवरच पाहावं लागते. फ्री डिश आहे. सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला देणं बंधनकारक करणाऱ्या २००७ च्या कायद्यामुळे भारताचे एकदिवसीय आणि टी-२० सामने तिथं मिळतात, आयपीएलची मात्र सोय नाही.

टॉवर ४ किलोमीटरवर. आरएसआरपी (सिग्नलची ताकद; आकडा शून्याकडे जाईल तितकी चांगली) घरात -११४ डीबीएम, स्लॅबवर -१०२. सकाळी १२ एमबीपीएस मिळते, सायंकाळी साडेसातला १.५ सुद्धा नाही. राउटर बँड ५ (८५० मेगाहर्ट्झचा पट्टा) धरतो. ८५० मेगाहर्ट्झ दूरवर पोचते, पण पट्टा अरुंद असल्यानं गर्दीत लवकर भरतो. म्हणून दिशादर्शक अँटेना लावून बँड ३ वर (१८०० मेगाहर्ट्झ) लॉक करायचा विचार आहे. दोन एलपीडीए (दिशादर्शक अँटेनाचा एक प्रकार) ४५ अंशांत तिरपे, एकमेकांना काटकोनात बांधल्यास एमायमो (एकाच वेळी दोन अँटेनांवर डेटा) नीट चालेल ना?

खरी अडचण वायरची. स्लॅबपासून टीव्हीपर्यंत १५ मीटर. आरजी-५८ (पातळ कोअ‍ॅक्स वायर) टाकली तर १८०० मेगाहर्ट्झवर अँटेनानं कमावलेलं सगळं वायरच खाते. त्यापेक्षा राउटरच वर डब्यात ठेवून लॅन केबल खाली आणणं मला बरं वाटते. पण मे महिन्यात ४५ अंशांत बंद डब्यात राउटर टिकतो का? डबा कोणता, हवेसाठी भोकं कुठं? विजेपासून अर्थिंग कसं करता?

लाइन जाते तेव्हा १२ व्होल्टच्या बॅटरीवर राउटर थेट चालवणारे कोणी असाल तर मधे कोणता कन्व्हर्टर लावला तेही सांगा. चार्जिंगवर व्होल्टेज १४ च्या वर जाते, त्याची भीती वाटते.