दोनशे ओळींच्या मॉड्यूलला लायसन्स कशाला?

रात्रपाळी: आकडे मराठी अक्षरांत लिहून देणारं एक पायथन मॉड्यूल (कोडचा तयार तुकडा) मी दोन वर्षांपूर्वी गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर टाकलं. पावत्या, चेक असल्या कामांसाठी. काल एकाचा निरोप आला, "लायसन्स (वापराचा परवाना) आणि रीडमी (कोड कशासाठी, कसा वापरायचा ते सांगणारी फाइल) टाका, नाहीतर आम्हाला वापरता येत नाही." अहो, उघड्यावर ठेवलंय, घ्या की! दोनशे ओळींसाठी कोर्टकचेरीची भाषा कशाला?

कायदेकानू: अंगणात सायकल लावली म्हणजे ती वाटायला काढली असं होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो. काहीच लिहिलं नाहीत तर हक्क सगळे तुमच्याकडेच. गिटहबच्या अटींनुसार लोक कोड बघतील, तिथल्या तिथे फोर्क करतील, म्हणजे आपल्या खात्यात प्रत घेतील, बस्स. एमआयटी लायसन्स लावा, तुमचं नाव राखून कुणीही कसंही वापरो म्हणणारं. वर्ष आणि नाव घातलं की झालं.

फुकट फौजदार: एमआयटी म्हणजे कंपन्यांना आंदण! जीपीएल लावा. बदल करून पुढे वाटलं तर सोर्स (मूळ कोड) द्यावाच लागेल.

कायदेकानू: "पुढे वाटलं तर" हीच तर मेख आहे. कंपनी ते आपल्या सर्व्हरवर चालवून पावत्या छापणार, कोड कुणाला देणारच नाही. तिथे जीपीएलचं काही चालत नाही, सर्व्हरवरून वापरणाऱ्यांनाही कोड द्यायला लावणारं एजीपीएल लागतं.

बॅकएंडवाली: लायसन्सवरून भांडत बसा. आमच्या जुन्या ऑफिसात असंच एक विनालायसन्स मॉड्यूल गुपचूप वापरलं होतं. रिलीजच्या तोंडावर तपासणीत सापडलं, लेखकाकडून उत्तर नाही, दोघींनी बसून सगळं नव्याने लिहिलं. पण मला जास्त खटकतं ते रीडमी नसणं. तुमचं मॉड्यूल आत्ता चालवून पाहिलं. १०० ला 'शंभर', १०१ ला 'एकशे एक', छान. १,००,१०० ला मात्र 'एक लाख एकशे'! ही चूक की मुद्दाम? १५० ला 'दीडशे' येतं. बोलायला ठीक, पण चेकवर 'एकशे पन्नास'च हवं. कशासाठी बनवलंय ते लिहिलंच नाही, तर चूक ठरवायची कशी?

जुना खोड: रीडमी सहा महिन्यांत शिळा होतो. त्यापेक्षा टेस्ट (कोड तपासणारा कोड) लिहा, त्या खोटं बोलल्या तर निदान लाल तरी होतात.

बॅकएंडवाली: टेस्टमध्ये 'दीडशे' बरोबर आहे एवढंच कळेल काका, का ते नाही.

रात्रपाळी: 'एक लाख एकशे' बघून मान खाली गेली. रीडमी लिहितो. पण आणखी दोघांचे पॅच (त्यांनी पाठवलेल्या दुरुस्त्या) आत आहेत, लायसन्स लावायला त्यांनाही विचारायचं?

कायदेकानू: हो, त्यांचा कोड त्यांचा. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरवाल्यांनी आपला गाभा जीपीएलवरून जरा सैल अशा एलजीपीएलवर नेला तेव्हा जुन्या लोकांना शोधून संमती घ्यावी लागली होती.

रात्रपाळी: एकाला मेल टाकलाय. दुसऱ्याचं खातंच उडालंय. त्याने फक्त 'एकोणऐंशी'चं शुद्धलेखन सुधारलं होतं.

फुकट फौजदार: एकोणऐंशीवर कसला आलाय कॉपीराइट!

जुना खोड: पण तो 'एकोणऐंशी' की 'एकुणऐंशी'?