‘तारतम्य करू नका’ म्हणजे नक्की काय करू नका?

टिळकवाडी : खानापूरकडच्या एका लहान दवाखान्यासाठी एक पत्रक मराठीत करतोय. नर्स, आया, वॉर्डबॉय यांना द्यायचं. विषय एचआयव्ही. कन्नड मथळा ‘कळंक मत्तु तारतम्य’. आधी कुणीतरी सरळ उतरवलंय : ‘एचआयव्ही असलेल्या रुग्णाशी वागताना तारतम्य करू नये.’ तिथल्या सिस्टरनी वाचून विचारलं, “म्हणजे अक्कल घरी ठेवून यायचं काय?” दोन्ही शब्दांना मराठी काय घालू? शुक्रवारी छपाई आहे.

कडोली : यात चुकलं काय? आमच्यात सर्रास म्हणतात. आजी आईला सांगायची, “पोरांत तारतम्य करू नको गं.”

जुना मास्तर : ती कन्नडची सावली. मराठीत तारतम्य बाळगतात, करत नाहीत. भेदभाव लिहा, विषय संपला.

कडोली : सावली कसली मास्तर? लघुतर, लघुतम यातले तर आणि तम. कमीजास्त लावणं हाच मूळ अर्थ. कन्नडनं तो वागण्याकडे नेला, पुण्यानं शहाणपणाकडे. आजी शाळेत गेली नव्हती, पण शब्द बरोबर वापरत होती.

निपाणी नाका : ‘भेदभाव’ भिंतीवर रंगवून रंगवून बोथट झालाय. पंक्तिप्रपंच घ्या की! एकाच पंगतीत एकाला तुपाची धार, दुसऱ्याला नुसता वास.

टिळकवाडी : पंचविशीतल्या वॉर्डबॉयला पंक्तिप्रपंच कळेल? दुजाभाव चालेल बहुतेक. आणि कलंक?

जुना मास्तर : लांछन.

शमनेवाडी : थांबा. आम्हा जैनांत लांछन म्हणजे ओळखचिन्ह. आदिनाथांचं वृषभ, महावीरांचं सिंह. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, नेमिनाथ आहेत, त्यांचं लांछन शंख. त्यात लाज कुठली?

निपाणी नाका : इंग्रजी ‘स्टिग्मा’ही मुळात ग्रीक, कातडीवर टोचलेली किंवा डागलेली खूण. गुलामांना असायची. म्हणजे आपला ‘डाग’च.

कडोली : आईच्या माहेरी डाग म्हणजे दागिना. “लग्नात दोन डाग घातले.” आता?

वनस्पतीवाला : अकरावीच्या पुस्तकात स्टिग्मा म्हणजे कुक्षी. पत्रकात ‘कुक्षी आणि तारतम्य’ छापा.

रात्रपाळी : मी सिस्टर आहे, गावाचं नाव सांगत नाही. आमच्यात कलंक, लांछन कुणी म्हणत नाही. केसपेपरच्या कोपऱ्यात लाल पेनानं गोल करतात. खाट शेवटची, बाथरूमजवळची. ड्रेसिंग सगळ्यांचं उरकल्यावर. आणि वॉर्डाच्या या टोकावरनं त्या टोकाला हाक, “त्या रेट्रोचं बीपी घेतलंस काय?” रेट्रो म्हणजे आमच्यात एचआयव्हीचा पेशंट. शेजारचे पेशंट अर्थ विचारत नाहीत, हाक मारणारीच्या तोंडावर दिसतो. आमची एक आया जेवणाचं ताट खाली ठेवून पायानं पुढं सरकवायची. का म्हणून विचारलं तर म्हणे, “सुई टोचली तर?” ताटात सुई कुठनं आली? मी याला विटाळ म्हणते.

जुना मास्तर : विटाळ म्हटलं की जात आणि बाईची पाळी आठवते. रोगाला तो शब्द नको.

रात्रपाळी : पायानं सरकवलेलं ताट बघून मलाही तेच आठवलं होतं, मास्तर. सुईची भीती खोटी नाही. पण एचआयव्ही असलेल्या रक्ताची सुई टोचली तरी लागण हजारात तीनेकांना. कावीळ ‘बी’ त्याहून कितीतरी सहज लागते, आणि तिची लस आमच्यातल्या निम्म्यांनी घेतलेली नाही. टोचलंच तर साबण-पाण्यानं धुवायचं, पिळायचं नाही, लगेच सांगायचं. गोळ्या जितक्या लवकर तितक्या बऱ्या, ७२ तासांच्या पुढं उपयोग नाही, आणि २८ दिवस घ्यायच्या. हातमोजे प्रत्येकाच्याच रक्ताला घालायचे, लाल गोल असो नसो. ताटाला लागत नाहीत. पत्रकात हे घाला, मथळा काही का असेना.

टिळकवाडी : घालतो. २०१७ च्या कायद्याचीही ओळ आहे : संमतीशिवाय कुणाचा एचआयव्हीचा रिपोर्ट इतरांना सांगायचा नाही. तिथं ‘एचआयव्हीग्रस्त’ लिहू की ‘बाधित’?

निपाणी नाका : ग्रस्त म्हणजे राहूनं गिळलेला. बाधित म्हणजे भूतबाधा. दोन्ही नको.

जुना मास्तर : मग वर्तमानपत्रंच बंद करा! शब्दांचं सोवळं किती पाळायचं?

निपाणी नाका : ‘तारतम्य करू नको’ला विटाळ मानणारे तुम्हीच ना?

जुना मास्तर : बरं, त्या ‘रेट्रो’ला तरी चांगला मराठी प्रतिशब्द शोधू.

रात्रपाळी : नको मास्तर. उद्यापासनं त्यानं हाका मारतील.

टिळकवाडी : ‘कलंक’ तसाच ठेवू का? उद्या शुक्रवार.

शमनेवाडी : नेमिनाथांचा शंख बघायला जाणार असाल तर सकाळीच जा. किल्ल्याच्या दारात दुपारी फार गर्दी असते.